न्यायमूर्ती कोण नेमतं, आणि त्याचा बाईच्या गरोदरपणाशी काय संबंध?

गर्भपाताचा कायदा संसदेनं 1971 मध्ये केला. डॉक्टर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, बसतात. पोट बाईचं. मग यात न्यायमूर्ती येतात कुठून? आणि ते कुणी नेमले, कधी नेमले, कुठल्या खंडपीठावर बसवले, याच्याशी डिचोलीच्या किंवा सांग्याच्या गरोदर बाईला काय देणंघेणं?

24 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या बायकांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क मोडीत काढला. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणी म्हणाल्या, बरं आहे, आपल्याकडे निदान कायदा तरी आहे. ते खरं आहे. पण पुस्तकातलं कलम आणि इस्पितळातली खाट यांच्यामध्ये पुष्कळदा एक न्यायालय उभं असतं, आणि तिथल्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

अमेरिकेत काय झालं

आधी अमेरिका बघू, कारण नेमणूक आणि गर्भपात यांचा धागा तिथे उघडा दिसतो.

गर्भपाताचा हक्क देणारा कायदा तिथल्या संसदेनं केलेलाच नव्हता. 1973 मध्ये ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तो हक्क राज्यघटनेत आहे असं सांगितलं. 1992 मध्ये दुसऱ्या एका निकालानं त्याची धार थोडी बोथट केली, पण गाभा ठेवला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं कोट्यवधी बायकांचा हक्क उभा होता तो नऊ जणांच्या मतावर.

हे नऊ जण राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट मंजूर करते. निवृत्तीचं वय नाही, नेमणूक तहहयात. त्यामुळे खुर्ची कधी रिकामी होणार हे बरंचसं यमराजाच्या हातात. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले. बराक ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमतानं ‘हे निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू दे’ असं म्हणत सुनावणीच घेतली नाही. पुढच्या वर्षी डोनाल्ड ट्रम्प आले आणि त्या खुर्चीवर नील गॉर्सच बसले. 2018 मध्ये अँथनी केनेडी निवृत्त झाले, तिथे ब्रेट कॅव्हॅनॉ आले. 18 सप्टेंबर 2020 रोजी रूथ बेडर गिन्सबर्ग 87 व्या वर्षी गेल्या, तेव्हा निवडणूक दीड महिन्यावर होती. या खेपेला मात्र जनतेला ठरवू देण्याची आठवण कुणाला झाली नाही. 26 ऑक्टोबरला 52 विरुद्ध 48 मतांनी एमी कोनी बॅरेट मंजूर झाल्या. मतदानाला आठवडा उरला होता.

मिसिसिपी राज्यानं 15 आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला बंदी घातली होती. तो खटला या नव्या रचनेपुढे आला आणि पाच न्यायमूर्तींनी ‘रो’चा निकालच पुसून टाकला. त्या पाचांत हे तिघे होते. घटनेतलं एक अक्षर बदललं नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1973 मध्ये हक्क देणारं सगळं न्यायालय पुरुषांचं होतं, आणि बाजूनं मत देणाऱ्या सातांपैकी पाच जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. 2022 मध्ये हक्क काढून घेणाऱ्या पाचांत एक बाई होती. तेव्हा न्यायमूर्ती कोण, हे ओळखायला लिंग आणि पक्ष या दोन मोजपट्ट्या पुरत नाहीत.

आपल्याकडे हक्क कशावर उभा आहे

गोव्यात हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, आपल्याकडे समान नागरी कायदा आहे, आपल्याला काय? 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आपला कौटुंबिक कायदा लग्न, मालमत्ता आणि वारसा यांबद्दल बोलतो. गर्भपाताशी त्याचा संबंध नाही. (आणि त्याचं फार कौतुक करण्याआधी 1880 चा हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूमनामा वाचावा. बायकोला 25 वर्षांपर्यंत मूलच झालं नाही, किंवा 30 वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर ठरावीक अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करायला त्यात मुभा होती. आज ते कुणी वापरत नाही असं सांगतात. पण बाईच्या कुशीचा हिशेब कायद्यानं ठेवायची सवय आपल्याकडे जुनी आहे.)

गर्भपाताला लागू होतो तो केंद्राचा कायदा: वैद्यकीय गर्भपात कायदा 1971, आणि त्यात 2021 मध्ये झालेली दुरुस्ती. थोडक्यात तो असा. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ही सोय ठरावीक गटांतल्या बायकांनाच मिळते: बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंगत्व असलेली, असे ते गट. 24 आठवड्यांनंतर फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही राज्याच्या वैद्यकीय मंडळानं मान्य केलं तर. बाईचा जीव वाचवायचा असेल तेव्हा आठवड्यांची कसलीच मर्यादा नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. इस्पितळं मागतात, तो भाग निराळा.

आता यातली मेख. हा कायदा ‘बाईला हक्क आहे’ असं म्हणत नाही. गर्भपात करवणं हा आजही फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम 312 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 88. गर्भपात कायदा त्या गुन्ह्याला अपवाद करून डॉक्टरला संरक्षण देतो. म्हणून डॉक्टरच्या मनात नेहमी एक भीती असते: मी अपवादाच्या आत आहे ना? मुलगी 18 खालची असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवण्याची सक्तीही येते. शंका आली की डॉक्टर म्हणतात, कोर्टाची ऑर्डर आणा.

हक्काची भाषा आणली ती न्यायालयांनी. 2009 मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. 2017 च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींनी त्याला बळ दिलं. म्हणजे आपल्याकडे तळाचा दगड संसदेनं बसवलाय, पण वरची भिंत न्यायमूर्तींनी रचलेली आहे. तळ एका निकालानं जाणार नाही. वरचं काय वाचायचं, ते मात्र प्रत्येक खंडपीठ नव्यानं ठरवतं.

पर्वरीची वाट कुणाला धरावी लागते

24 आठवडे उलटून गेलेल्या बायका कोण असतात? हयगय केलेल्या बायका, असं सरसकट समजू नका. गर्भातलं व्यंग दाखवणारी सविस्तर सोनोग्राफीच मुळात 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास होते. तिथे शंका आली की पुढच्या तपासण्या, मग अहवालाची वाट, मग दुसऱ्या डॉक्टरचं मत, यात महिना सहज जातो. दुसरा मोठा गट लहान मुलींचा. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्याला काय झालंय हेच कळत नाही. आईला कळेस्तोवर पाच-सहा महिने झालेले असतात.

अशा वेळी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. गोव्यासाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ. ते 1982 मध्ये सुरू झालं, आणि 2021 पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. वकील सकाळी प्रकरण तातडीचं म्हणून न्यायमूर्तींपुढे मांडतात. न्यायालय वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवतं. नियमांप्रमाणे मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं असतं. मग सुनावणी आणि आदेश. सगळं सुरळीत झालं तर आठवडाभरात उरकतं. पण एवढं व्हायला त्या दिवशी बसलेलं खंडपीठ हवं, त्याच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, जागा हवी आणि त्याला घाई कळायला हवी.

घाई न कळण्याचा नमुना गुजरातेत दिसला. ऑगस्ट 2023 मध्ये बलात्कार झालेल्या एका बाईची याचिका तिथल्या उच्च न्यायालयात होती, वैद्यकीय अहवाल आला होता, आणि तारीख पडली बारा दिवसांनंतरची. सर्वोच्च न्यायालयात बी. व्ही. नागरत्ना आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, खास बसून या ढिलाईवर ताशेरे ओढले आणि सोमवारी परवानगी दिली. तोवर गर्भ 28 आठवड्यांच्या जवळ पोचला होता. जमिनीच्या दाव्यात बारा दिवस म्हणजे काहीच नाही. इथे त्या बारा दिवसांत प्रकरणाचं रूप बदलतं, कारण गर्भ बाहेर जगू शकेल का हा प्रश्न मध्ये येतो आणि डॉक्टरांचा हात आखडतो.

आता नेमणुकांकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयात मंजूर जागा 94 आहेत. अख्खा महाराष्ट्र, गोवा, दमण-दीव, दादरा-नगर हवेली एवढा पसारा त्यांनी सांभाळायचा, आणि भरलेल्या जागा वर्षानुवर्षं याहून बऱ्याच कमी राहत आल्या आहेत. त्यातून नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, इतकी ठिकाणं चालवायची. कोण कुठे बसणार आणि कुठल्या प्रकारची प्रकरणं ऐकणार, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. पर्वरीला एका वेळी मोजकेच न्यायमूर्ती असतात. त्यातले एक बदलून गेले आणि बदली कुणी आलं नाही, तर बोर्ड लगेच फुगतो. दिवाडीच्या फेरीबोटीसारखं आहे हे. धक्क्यावर वेळापत्रक टांगलेलं आहे, बोटही आहे, पण चालवणारा रजेवर असेल तर पलीकडे जायची निकड कितीही असो, उभं राहायचं.

शेजारच्या सिंधुदुर्गाचं आणखी निराळं. सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या बायका उपचाराला बांबोळीला येतात, कारण ते जवळ. पण त्या महाराष्ट्राच्या. न्यायालयासाठी त्यांना कालपरवापर्यंत मुंबईच गाठायची होती. कोल्हापूरचं खंडपीठ झालं तेव्हा वर्तमानपत्रांत वकिलांच्या लढ्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. सहा महिन्यांच्या गरोदर बाईचे किती तास वाचतील, हे कुणी मांडलं नाही.

नेमतं कोण?

महिला मंडळात यावर बोलत असताना एका वयस्क बाईंनी मला विचारलं होतं, “बाय, पंचाला आम्ही मत घालतो, आमदाराला घालतो. न्यायमूर्तीला कोण मत घालतं?” “कुणीच नाही, मावशी,” मी म्हटलं. “न्यायमूर्तींना न्यायमूर्तीच निवडतात.” त्यांना ते मुळीच पटलं नाही.

घटना म्हणते राष्ट्रपती नेमतात. पण 1993 आणि 1998 च्या निकालांनी त्याचा अर्थ असा लावला की शेवटचा शब्द न्यायवृंदाचा, म्हणजे कॉलेजियमचा. उच्च न्यायालयासाठी तिथले मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी नावं पाठवतात. राज्य सरकारचं मत येतं, गुप्तचर विभागाची चौकशी होते. मग दिल्लीत सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती शिफारस करतात. सर्वोच्च न्यायालयासाठी पाच जणांचं मंडळ असतं. सरकार नाव एकदा परत पाठवू शकतं. तेच नाव पुन्हा आलं तर नेमायला हवं. पण किती दिवसांत नेमायचं हे कुठेच बांधलेलं नाही, आणि सरकारची खरी ताकद तिथेच आहे. नाव फेटाळण्यापेक्षा फाईल पडू देणं सोपं. 2014 मध्ये संसदेनं नेमणुकांसाठी राष्ट्रीय आयोग आणला होता. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला.

अमेरिकेत उमेदवाराला दूरचित्रवाणीवर तासन्‌तास प्रश्न विचारतात, गर्भपाताबद्दल तर हमखास. आपल्याकडे हा तमाशा नाही, आणि तो नसावा असंच मला वाटतं. पण मग उमेदवाराच्या विचारांची पारख होते कुठे? बंद दाराआड. 2017 पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येतात, पण बाईच्या देहाबद्दल, संमतीबद्दल एखाद्याची समज काय आहे हे त्यातून उमगत नाही. जुने निकाल वाचूनच अंदाज बांधावा लागतो.

आणखी एक मार्ग पोर्तुगालचा आहे. गोव्यात कुणाचा तरी भाऊ-भाचा लिस्बनला असतोच, म्हणून तोही सांगते. तिथल्या घटनात्मक न्यायालयात 13 न्यायाधीश. त्यांतले 10 संसद दोन तृतीयांश बहुमतानं निवडते, उरलेले 3 हे दहा जण घेतात. मुदत नऊ वर्षं, एकदाच. दोन तृतीयांश म्हटल्यावर एका पक्षाचं चालत नाही, आणि नऊ वर्षं म्हटल्यावर कुणाच्या मरणाची वाट बघावी लागत नाही. 2007 च्या सार्वमतानंतर तिथे दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला, आणि 2010 मध्ये या न्यायालयानं तो कायदा कायम ठेवला.

एकाच कायद्याचे दोन निकाल

कायदा तोच असताना न्यायमूर्ती बदलले की काय होतं, याची उदाहरणं आपल्याकडे शोधावी लागत नाहीत.

2008 मध्ये मुंबईच्या एका जोडप्यानं उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. गर्भाच्या हृदयात दोष होता, 20 आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटली होती. न्यायालयानं परवानगी नाकारली. मर्यादा वाढवणं संसदेचं काम, आमचं नव्हे, ही त्यामागची भूमिका. संसदेला ते काम करायला पुढे तेरा वर्षं लागली.

त्याच मुंबई उच्च न्यायालयात 2016 मध्ये भायखळा तुरुंगातल्या एका गरोदर कैदी बाईचं प्रकरण न्यायमूर्ती विजया ताहिलरमाणी आणि मृदुला भाटकर यांच्यापुढे आलं. त्यांनी ते स्वतःहून हाती घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवणं बाईचं आहे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही गर्भनिरोधक फसल्याची तरतूद लागू समजावी, असंही म्हटलं. कायद्यात तेव्हा ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ असेच शब्द होते. 2021 च्या दुरुस्तीत नवऱ्याच्या जागी ‘जोडीदार’ आला.

त्या ताहिलरमाणींचं पुढे काय झालं, हे नेमणुकांच्या लेखात सांगायलाच हवं. 2018 मध्ये त्या मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, म्हणजे देशातल्या मोठ्या न्यायालयांपैकी एकाच्या. 2019 च्या ऑगस्टात न्यायवृंदानं त्यांची बदली मेघालयला केली, देशातल्या अगदी लहान न्यायालयांपैकी एकात. फेरविचाराची विनंती अमान्य झाली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या निकालाचा आणि या बदलीचा संबंध होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की न्यायमूर्ती येतात कसे यावर आपण वाद घालतो; ते जातात कसे याकडेही बघावं.

उलट बाजूचं उदाहरणही मुंबई उच्च न्यायालयाचंच. जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठाच्या अतिरिक्त, म्हणजे अजून कायम न झालेल्या, न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी, कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा निकाल दिला. न्यायवृंदानं त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, त्या कायम झाल्याच नाहीत, आणि त्यांनी 2022 मध्ये राजीनामा दिला. निकाल सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला होताच. निकाल वाईट होता यात मला शंका नाही. पण एका निकालावरून नोकरी अडते हे कळल्यावर इतर अतिरिक्त न्यायमूर्ती धाडस करतील की सरकार-वरिष्ठांना न खुपणारे निकाल देतील? ही तलवार दोन्हीकडून कापते.

आता 2022. दिल्लीतली 25 वर्षांची अविवाहित तरुणी, जोडीदारानं लग्नाला नकार दिलेला, गर्भ 24 आठवड्यांच्या आतबाहेर. जुलैत दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की नियमांत विधवा आणि घटस्फोटित आहेत, अविवाहित नाहीत. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, आणि 29 सप्टेंबरला धनंजय चंद्रचूड, ए. एस. बोपण्णा आणि जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठानं सविस्तर निकाल दिला: लग्न झालेलं असो वा नसो, 24 आठवड्यांपर्यंतची सोय सगळ्यांना सारखी. शिवाय या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कार समजावा, आणि अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरनं पोलिसांना सांगायची गरज नाही. लग्नातला बलात्कार हा आपल्या फौजदारी कायद्यात आजही गुन्हा नाही, हे लक्षात घेतलं तर त्या तिघांनी केवढं पाऊल टाकलं ते कळतं.

त्याच चंद्रचूडांच्या अध्यक्षतेखाली, पुढच्याच वर्षी, उलटा निर्णय झाला. 27 वर्षांची विवाहित बाई, दोन मुलं, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू, गर्भ 26 आठवड्यांचा. 9 ऑक्टोबर 2023 रोजी हिमा कोहली आणि नागरत्ना यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी एम्सच्या एका डॉक्टरनं कळवलं की गर्भ जगू शकेल, त्याचं हृदय थांबवायचं का ते सांगा. 11 तारखेला दोघींची मतं फुटली: कोहली यांचं मन तयार होईना, नागरत्ना आपल्या आदेशावर ठाम. 16 तारखेला तिघांच्या खंडपीठानं परवानगी नाकारली. पहिल्या निकालात मध्यभागी बाई होती. या दुसऱ्यात न जन्मलेलं मूल मध्यभागी आलं. अमेरिकेतला वाद ज्या शब्दांत चालतो ते शब्द आपल्या न्यायालयात मला तरी त्या आठवड्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ऐकू आले.

एप्रिल 2024 मध्ये 14 वर्षांच्या मुलीला मुंबई उच्च न्यायालयानं 4 तारखेला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं 22 तारखेला परवानगी. तोवर गर्भ 30 आठवड्यांच्या घरात होता. आईवडील धास्तावले, आणि 29 तारखेला त्यांच्या म्हणण्यावरून ती परवानगी मागे घेण्यात आली. मधले अठरा दिवस कुणीच परत देऊ शकत नव्हतं.

बाई न्यायमूर्ती असली म्हणजे?

सर्वोच्च न्यायालयात पहिली बाई पोचायला 1989 उजाडलं: फातिमा बीवी. 31 ऑगस्ट 2021 रोजी एका दिवशी तिघींनी शपथ घेतली, कोहली, नागरत्ना आणि बेला त्रिवेदी, तेव्हा आता चित्र पालटणार असं वाटलं होतं. 2025 च्या मध्यावर त्यांतल्या दोघी निवृत्त झालेल्या होत्या आणि 34 जागांच्या न्यायालयात एकट्या नागरत्ना उरल्या. ज्येष्ठतेनं 2027 मध्ये त्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, जेमतेम छत्तीस दिवसांसाठी.

बाई असली की निकाल बाईच्या बाजूनं, असं होत नाही. वर बॅरेट, गनेडीवाला, आणि एकमेकींशी असहमत कोहली-नागरत्ना पाहिल्याच. तरीही संख्या मोजावी, कारण सगळे एकाच घडणीचे असले की काही प्रश्न कुणाला सुचतच नाहीत. कार्यालयातल्या लैंगिक छळाबद्दलचा 1997 चा विशाखा निकाल देणाऱ्या तिघांत सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. त्या 1978 मध्ये नेमल्या गेल्या. त्यांच्या नेमणुकीचं फळ बायकांना एकोणीस वर्षांनी मिळालं. नेमणुकांचा परिणाम इतक्या उशिरा दिसतो, म्हणूनच त्या होत असताना कुणी लक्ष देत नाही.

आणि गर्भपात हा या विषयाचा एक कोपरा झाला. 2016 मध्ये मदन लोकूर आणि उदय लळित यांच्या खंडपीठानं सरकारी नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. 2003 मध्ये दुसऱ्या खंडपीठानं दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना पंचायतीत बंदी घालणारा हरयाणाचा कायदा उचलून धरला. 2025 मध्ये अभय ओक आणि भुयान यांनी बाळंतपणाच्या रजेला प्रजननाच्या हक्कांचा भाग मानून, तिसरं मूल म्हणून रजा नाकारलेल्या तमिळनाडूच्या शिक्षिकेला ती मिळवून दिली. सरोगसी कायद्यातून कधीच लग्न न केलेल्या बाईला वगळलं आहे.

आठवडे वाढत असतील तर

एवढं वाचून कुणाला वाटेल की हे सगळं दिल्ली-मुंबईत ठरणार, आपल्या हातात काय आहे? नेमणूक हातात नाही, वेळ थोडी आहे.

20 आठवड्यांच्या आत असाल तर न्यायालयाचा काही संबंध नाही. कुणी ‘ऑर्डर आणा’ म्हणालं तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागा. 20 ते 24 मध्ये असाल आणि लग्न झालेलं नाही म्हणून परत पाठवलं, तर 29 सप्टेंबर 2022 चा निकाल दाखवा. 24 उलटले असतील आणि गर्भात व्यंग असेल, तर वैद्यकीय मंडळाकडे थेट जाता येतं. बाकीच्यांनी पर्वरी गाठायची, आणि थांबायचं नाही. विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. 15100 हा त्यासाठीचा देशभरचा फोन क्रमांक आहे. जाताना पहिल्या सोनोग्राफीचा कागद घ्या, तारीख नीट दिसेल असा. सगळे आठवडे तिथूनच मोजले जातात, आणि पहिल्या सुनावणीत न्यायमूर्ती बहुधा तोच मागतात.